जांभळ्या आभाळाचा पडदा

पडदा माळ्यावरून खाली उतरला की घरात भांडण होणार, हे वहिनींना आदल्या दिवसापासूनच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सकाळी उठल्याउठल्या चिनीमातीचे कप कपाटात मागे सारले आणि स्टीलचे पेले बाहेर काढले. त्यांच्या सासरची माणसं बोलताना तोंडापेक्षा हात जास्त वापरतात, आणि चांगल्या कपांपैकी आता मोजकेच शिल्लक होते.

खाली फोटो स्टुडिओ, वर घर. रविवार असल्यामुळे स्टुडिओचं शटर बंद होतं. धाकटी नणंद सर्वांत आधी आली. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी घंटा तिच्या डोक्यात अजून वाजत असे. मग बेबी आली. बेबी म्हणजे वहिनींची आणि दादांची एकुलती एक लेक, गावातल्याच कलादालनात कामाला. पस्तिशी ओलांडली तरी घरात ती बेबीच. तिच्या आत्याचं मोठं प्रदर्शन कलादालनाच्या दोन्ही मजल्यांवर लागणार होतं, आणि त्याची सगळी धावपळ बेबीच्या गळ्यात पडली होती.

सर्वांत शेवटी आली ती आत्या, म्हणजे ताई. पायात कापडी बूट, खांद्यावर शबनम, नखांत रंग. राजधानीच्या संग्रहालयानं तिची चित्रं घेऊन जमाना झाला होता, परदेशातली माणसं तिच्यावर लिहीत होती. गावाला मात्र ती मुलींच्या शाळेतली ड्रॉइंगची बाई म्हणूनच माहीत. हिरवे घोडे आणि तांबडी झाडं काढते ती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, आपल्या गावात एवढी मोठी चित्रकार आहे हे गावाला बाहेरच्यांनी येऊन सांगावं लागलं. तेव्हा कुठे हे प्रदर्शन ठरलं.

"या वन्सं, बसा," वहिनी म्हणाल्या. "चहा टाकलाय. भांडण अजून टाकायचंय."

ताई हसली. दादा हसले नाहीत. ते आणि बेबी मिळून लांबलचक गुंडाळी हॉलमध्ये आणत होते. सोफा भिंतीला लावला होता, टीपॉय उचलून गॅलरीत ठेवला होता. दादांनी गुंडाळीवरची चादर सोडली आणि पायानं हलकेच ढकललं. पडदा उलगडत उलगडत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला.

सगळे कडेकडेनं सरकून भिंतीला टेकले.

आभाळ जांभळं होतं. झाडं विटकरी, त्यांच्या पानांच्या कडा नारिंगी. पायऱ्यांचा जिना पोपटी, आणि जिन्यापलीकडचं तळं चक्क मोहरीच्या रंगाचं. गावातल्या दोन पिढ्यांनी ज्या बागेसमोर उभं राहून फोटो काढले, ती ही बाग. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती इतकी खरी दिसायची, की एका नवरदेवानं जिन्याच्या कठड्यावर कोपर टेकवायला जाऊन पडद्यासकट लोळण घेतली होती.

"आई गं," बेबी म्हणाली. तिनं पडद्याबद्दल ऐकलं होतं, पाहिला आज पहिल्यांदा. "आत्या, हे तर तूच! तुझी सगळी चित्रं यातून निघालीत."

"निघालीत ना?" दादांनी तो शब्द अलगद झेलला. "मी तेच म्हणतोय. अण्णांपासून निघालीत."

अण्णा म्हणजे वडील. स्टुडिओ त्यांनीच काढलेला. हॉलमधल्या मोठ्या तसबिरीत ते कॅमेऱ्याच्या शेजारी उभे होते आणि खाली चाललेला प्रकार पाहत होते.

"पडदा देतो मी प्रदर्शनाला," दादा म्हणाले. "मधल्या मोठ्या भिंतीवर लावा, काय हवं ते करा. फक्त एक अट आहे. खाली चित्रकार म्हणून अण्णांचं नाव लागलं पाहिजे."

वहिनींनी गॅस बारीक केला.

"आणि ताई काय करत होती रे दादा?" धाकटी कडाडली. "माशा मारत होती?"

"ब्रश धुवायची. अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय. अण्णा पट्टी लावून कोळशानं खांब आखायचे. सुट्टीच्या दिवशी दार लावून बसायचे दोघं. ही मदतीला. मी कधी आत डोकावलो तर अण्णांच्या हातात कोळसा आणि हिच्या हातात ब्रश धुवायचा डबा."

"तू वर्षातले दहा महिने मामाकडे शिकायला! तुला काय माहीत आत काय चालायचं?"

"तुझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता!"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई उकिडवी बसून पडद्याचा एक कोपरा चाचपत होती. तिथे उंदरांनी फराळ केला होता.

"दादा म्हणतो तसं लिही, बेबी," ती मान वर न करता म्हणाली.

*

धाकटीला हे सहन होईना. तिनं ताईला दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

आयुष्यभर तिनं पाहिलं होतं ते हेच. ताई कुणापुढे आवाज चढवायची नाही. नवऱ्याच्या माघारी शाळेतली नोकरी करून तिनं मुलाला वाढवलं, आणि उरल्या वेळात चित्रं काढली. पहिल्या प्रदर्शनात लोकांनी तिच्या तोंडावर विचारलं, की बाई, डोळे तपासून घेतलेत का? तेव्हाही ही बया गप्प. मग एकेक बक्षीस येत गेलं आणि तीच माणसं म्हणायला लागली, आम्हाला आधीपासूनच कळलं होतं. तेव्हाही गप्प. धाकटीला वाटे, देवानं सगळा रंग हिच्या हातात घातला आणि जिभेसाठी काही ठेवलंच नाही.

"खरं सांग," धाकटी म्हणाली. "पडदा कुणी रंगवला?"

"मी."

"सगळा?"

"आखणी अण्णांची. रंग माझे. सगळे पडदे तसेच."

"मग बोल ना आत जाऊन! उद्या छापील पुस्तकात येईल, की हिनं बापाची नक्कल केली. तुझ्या मागे कायम तेच राहील. हिरव्या घोड्यांचं, तांबड्या झाडांचं, सगळ्याचं श्रेय अण्णांना. तुला चालेल?"

ताईनं गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवले. कठड्याचा सुटलेला रंग ती नखानं खरवडत राहिली आणि धाकटीला एकदम कळलं, की चालणार नाहीये. हिला आतून काहीतरी कापत चाललंय.

"नाही चालणार," ताई म्हणाली. "वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण मी अण्णांना शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"तो सांगितला तर शब्द कसला राहिला?"

"कठीण आहे तुझं!" असं म्हणून धाकटीनं दार उघडलं आणि ती तावातावानं आत गेली. तिनं ठरवलं होतं, की ताई बोलत नसेल तर आपण दोघींच्या वाट्याचं बोलायचं.

पण आत बेबीनं आपल्या परीनं तह करायला घेतला होता. प्रदर्शन तोंडावर आलेलं, मधली भिंत मोकळी, पडदा बापाच्या ताब्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं मोबाइलवर पाटीचा मजकूर तयार केला होता आणि तो ती वाचून दाखवत होती.

"बाबा, हे बघा, सगळ्यांचा मान राहील असं लिहिलंय. 'स्टुडिओचा पडदा. चित्रकार: वडील. या पडद्यात, चित्रकर्तीला वडिलांकडून लाभलेल्या अलौकिक रंगदृष्टीचा उगम…'"

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या वाटेतच थांबल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग ट्रे हलला, आणि मग त्या हसत सुटल्या. पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पेले एकमेकांवर आपटले, चहा ट्रेमध्ये सांडला. त्यांनी ट्रे कसाबसा सोफ्यावर टेकवला आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसल्या.

"अगं, काय झालं?" दादा म्हणाले.

"रंगदृष्टी!" वहिनींना धाप लागली होती. "अण्णांची! अहो, त्यांना पिकला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो यात फरक कळत नव्हता!"

"वहिनी," ताई दारातून म्हणाली. "नको."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. हसू ओसरलं होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या तसबिरीकडे.

"वन्सं, गॅलरीतलं बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीत ऐकू येतं. शब्द तुम्ही दिलात. मी नाही दिला. मला कुणी विचारलंच नाही. सून ना मी, सुनेला कोण विचारतंय? इतकी वर्षं मूग गिळून बसले ते तुमच्याकडे बघून. पण आता हे पाटीवर छापायला निघालेत, तर मी गप्प बसणार नाही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं होतं. सासरे एक पाय तपकिरी मोज्यात आणि एक हिरव्या मोज्यात घालून निघायचे. बाजारातून टोमॅटो आणायचे ते हातानं दाबदाबून. नव्या सुनेला हळूच विचारायचे, "बाळ, माझा स्वेटर कुठल्या रंगाचा?" आणि पुढे ताईच्या मुलानं शाळेत झाडाला तांबडी पानं काढली. सगळे म्हणाले, आईच्या वळणावर गेला. पण तो गवतही तांबडंच काढायला लागला, तेव्हा ताई आणि वहिनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची चित्रं समोर धरली. त्यात लपलेला आकडा पोराला दिसेना.

"डॉक्टर म्हणाले, याला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही. हे बहुतेकदा आईच्या वडिलांकडून नातवात येतं, असंही म्हणाले. मग विचारलं, तुमच्या वडिलांना असं काही होतं का? वन्सं म्हणाल्या, नाही. पट्‌कन म्हणाल्या. मी शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो आणि एकमेकींकडे बघितलं. एवढंच. त्यानंतर आज बोलतेय."

मग धाकटीचा आवाज फुटला, पण तो भलत्याच बाजूला.

"म्हणजे आता अण्णांना आंधळं ठरवायचं? त्यांची ही शोभा करायची गावभर? नाही! ताई, मी तुझ्या बाजूनं होते, पण हे मी होऊ देणार नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे!"

"आंधळं कोण म्हणालं?" वहिनी म्हणाल्या.

"लोक म्हणतील!"

"आत्या, एक मिनिट," बेबी म्हणाली. ती ताईसमोर जाऊन उभी राहिली होती. "म्हणजे हे सगळे रंग, अगदी लहान असल्यापासून, तूच? आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

ताईनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

दादा एव्हाना जिन्यावर पोचले होते. ते खाली स्टुडिओत निघून गेले.

*

दादांनी दिवा लावला नाही. त्यांना या खोलीतली प्रत्येक वस्तू अंधारात सापडत असे. पासपोर्ट फोटोसाठीचं स्टूल, झेरॉक्सचं यंत्र, आणि कोपऱ्यात अण्णांचा लाकडी कॅमेरा. तो ते रोज पुसत. स्टुलावर बसले आणि ती सकाळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

गावात रंगीत फोटो पहिल्यांदा दादांनी आणला. दारावर फलक लावला, आणि पहिलंच गिऱ्हाईक मोठं मिळालं. नामांकित वकिलाच्या मुलीचं लग्न. दादांनी नव्या जोडप्याला पडद्यासमोर उभं केलं आणि नव्या फिल्मवर फोटो काढले. पडदा जांभळा आहे हे त्यांना सुचलंच नाही. कसं सुचणार? त्या घरात कुणालाच तो जांभळा दिसत नसे. सगळ्यांची नजर काळ्या-पांढऱ्यात तयार झालेली, त्यांना तिथे बागच दिसे. फोटो बाहेरच्या लॅबमधून धुऊन आले, तेव्हा मात्र जे होतं ते दिसलं. जांभळ्या आभाळाखाली नवरी, आणि मागे झाडांना आग लागलेली. नवरी रडली. वकील ओरडला. आणि भरल्या दुकानात, सगळ्यांसमोर, दादा अण्णांवर ओरडले होते, "अण्णा, तुम्हाला रंग दिसत नाहीत का?"

अण्णा काही बोलले नाहीत. दादा तिथून तरातरा निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पडदे चुन्यानं पांढरे करून टाकले. हा एक तेवढा त्या लग्नाच्या फोटोंनंतर गुंडाळून माळ्यावर गेला होता म्हणून वाचला. त्यानंतर फार काळ अण्णा राहिले नाहीत.

आणि आता तेच रंग पाहून लोक वाहवा करत होते. दादांना वाटलं होतं, निदान हे तरी अण्णांच्या पदरात पडू दे. त्यांची भरपाई होऊ दे. म्हणून ती अट.

जिन्यावर कापडी बुटांचा आवाज झाला. ताई आली आणि समोर फोटोसाठी ठेवलेल्या बाकावर बसली.

"तू होतीस त्या दिवशी?" दादांनी विचारलं.

"मागच्या खोलीत होते. काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरत होते."

"ऐकलंस?"

"सगळ्या बाजारानं ऐकलं, दादा."

दादांनी तोंड हातांत झाकून घेतलं. त्यांच्या घशातून आवाज आला तो ताईनं लहानपणानंतर ऐकला नव्हता. ती उठली नाही, जवळ गेली नाही. या घरात रडणाऱ्याला मोकळं रडू देतात.

"तू गेल्यावर अण्णा माझ्यापाशी आले," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मला वाटलं, कोसळतील आता. पण चेहऱ्यावर हसू होतं. म्हणाले, 'बरं झालं बाई. आयुष्यात निदान एकदा कुणीतरी मोठ्यानं विचारलं.'"

दादांनी हात खाली घेतले. "मग उत्तर का नाही दिलं?"

"तू थांबलास कुठे?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादा त्या लाकडी कॅमेऱ्याकडे वळले.

"त्यांना काय दिसायचं मग?"

"उजेड," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. शिकवताना व्हायचा तसा झाला. "तुला नाही दिसणार आणि मलाही नाही, इतका उजेड दिसायचा त्यांना. खांब आखून झाला की म्हणायचे, इथे दुपारच्या भिंतीइतका फिका करडा हवा. तिथे ओल्या दगडाइतका गडद. पण कुठला रंग फोटोत तसा करडा उतरेल ते त्यांना सांगता येत नसे. तांबडा तर त्यांना काळाच वाटायचा. म्हणून मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या रंगवायचे, जे उरलेसुरले डबे मिळतील त्यातून. ते पट्ट्यांचा फोटो काढायचे. फोटो आणि पट्ट्या शेजारीशेजारी लावून मी पाठ करायचे, जांभळा एवढा, विटकरी एवढा. मग मला पट्ट्या लागेनाशा झाल्या. अजून नाही लागत. लोक म्हणतात, निसर्गाविरुद्ध रंग लावते. मी निसर्गाविरुद्ध काही करत नाही. आधी उजेड बघते, मग त्या उजेडाचा मला आवडेल तो रंग घेते. हे अण्णांनी शिकवलं, दादा. त्यांना दिसत नव्हतं ते मी बघितलं आणि मला दिसत नव्हतं ते त्यांनी दाखवलं."

"आणि शब्द?"

"म्हणायचे, फोटोवाल्याला रंग दिसत नाहीत म्हटलं तर गाव हसेल. मी दहा वर्षांची होते. दिला शब्द."

"आता ते नाहीत."

"म्हणून तर मोडता येत नाही. सोड म्हणायला माणूसच नाही." ताई उठली. "तू ठरव आता. शब्द माझा आहे, तुझा नाही. अण्णांचं नाव लावलंस तरी माझी तक्रार नाही. मात्र वाईट वाटणार नाही असं म्हणणार नाही. वाटेल."

ती वर गेली. दादा तसेच बसून राहिले. दुपारी जेवायला वर आले ते एवढंच म्हणाले, "बेबी, पडदा घेऊन जा. पाटी कोरी ठेव. काय लिहायचं ते मी तिथेच सांगीन."

*

उद्‌घाटनाला इतकी गर्दी होईल असं ताईला वाटलं नव्हतं. कलादालनाच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं होती. बेबीनं पेपरात दिलं होतं, की ज्यांच्या घरी जुन्या स्टुडिओतले फोटो असतील त्यांनी घेऊन यावं. पाच-पन्नास येतील असा तिचा अंदाज. माणसं पिशव्या भरभरून घेऊन आली होती. काचेच्या चौकटी, अल्बम, वर्तमानपत्रात गुंडाळलेले आजोबा.

मधल्या भिंतीवर पडदा ताणून लावला होता. वरून दिवे सोडलेले. उंदरांनी खाल्लेला कोपरा तसाच ठेवला होता. ताईनं सांगितलं होतं, त्यांचाही हक्क आहे. तिच्या घोड्यांनी, तळ्यांनी, बायकांच्या मोठमोठ्या चित्रांनी बाकी भिंती भरल्या होत्या, आणि प्रत्येक चित्रातला काही ना काही रंग या पडद्यात सापडत होता. खालची पाटी कोरी होती.

प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांनी पडदा सकाळीच पहिल्यांदा पाहिला होता, पण माहिती जन्मभराची असल्यासारखे बोलत होते. "पित्याची ही थोर रंगदृष्टी कन्येनं…" ताईनं मान खाली घातली. आपण पंचाहत्तर वर्षांच्या आहोत आणि अजून शाळेतल्यासारख्या बुटांकडे बघत बसलोय, याचं तिला नवल वाटलं. शेजारी धाकटी बसली होती. अण्णांचं काही निघालं तर उठून जाईन, असं तिनं येतानाच बजावलं होतं.

पाहुण्यांचं संपताच दादा उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांच्या हातातला माइक घेतला.

"मी फोटोग्राफर आहे. मला बोलता येत नाही, 'हलू नका' एवढंच येतं," दादा म्हणाले. लोक हसले. "या पाहुण्यांची चूक नाही. मीसुद्धा परवापर्यंत हेच म्हणत होतो. हा पडदा आमच्या वडिलांनी आखला. रंगवला माझ्या या बहिणीनं. वडिलांना तांबडा आणि हिरवा ओळखता येत नव्हता."

सभागृहात कुजबुज उठली. धाकटीनं ताईचा हात घट्ट धरला.

"हसायचं असेल तर हसून घ्या. मी थांबतो." दादा खरंच थांबले. कुणी हसलं नाही. "ज्या माणसाला रंग दिसत नव्हते, त्यानं तुमच्या आईबापांचे असे फोटो काढले, की आजही तुम्ही ते छातीशी धरून इथे आलात. आणि ज्या पोरीला रंग दिसत होते, तिनं त्याची लाज राखायला आयुष्यभर तोंड उघडलं नाही. मी म्हणायचो, ती ब्रश धुवायला जाते. ती दहा वर्षांची होती आणि आमचा स्टुडिओ तिच्या डोळ्यांवर चालत होता. या गावात असं एक घर दाखवा, जिथे भिंतीवर हिचं चित्र नाही! तुम्ही सगळे तिच्या चित्रासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, आमचा फोटो!"

त्यांनी खिशातून मार्कर काढला, कोऱ्या पाटीपाशी गेले आणि बहिणीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. खाली लहान अक्षरांत लिहिलं: 'उजेड: वडील.'

टाळ्या आधी मागून सुरू झाल्या. मग उभी असलेली माणसं, मग बसलेली उठून. ताईला काही दिसेना. इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं, आणि तिला आनंद झाला होता. उघडाउघड, लहान मुलीसारखा आनंद. धाकटी कुठे उठून गेली नव्हती. ती सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "मी आधीपासून म्हणत होते!"

मग एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिनं आपल्या लग्नाचा फोटो ताईसमोर धरला. जिन्याशेजारी एक बारीकशी मुलगी आणि घाबरलेला मुलगा.

"बाई, यावर सही करा. आमचे हे गेले. पण बाग आहे अजून."

ताईनं फोटो उलटा करून मागे सही केली. तिच्या मागे दुसरा आला, मग तिसरी. बेबीनं घाईघाईनं टेबल-खुर्ची आणली. रांग दाराबाहेर गेली. लग्नं, बारशी, पदव्या, निवृत्त्या, सगळं त्या एका बागेत. प्रमुख पाहुणे चहा पिऊन कधी गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ताई मान खाली घालून सह्या करत होती. पुढ्यात आणखी एक चौकट आली. तिनं ती उलटवली.

"मागे नको."

ताईनं वर पाहिलं. समोर दादा होते. चष्मा कपाळावर, घामाघूम. शेजारी वहिनी. चौकटीतही तेच दोघं, कोवळे आणि ताठ, जांभळ्या आभाळाखाली, जे फोटोत फिकट करडं आणि अगदी खरं दिसत होतं. सही करता यावी म्हणून दादांनी चौकटीची काच आधीच काढून ठेवली होती.

"तू कशाला रांगेत उभा राहिलास?" ताई म्हणाली.

"नंबरानं आलोय. समोरून कर सही. चित्रकार मागे सही करत नाहीत."

"तुमचा फोटो खराब होईल."

"फोटो माझा आहे. चित्र तुझं आहे," दादा म्हणाले. "पूर्ण नाव लिही."

ताईनं पेन पुसलं. मग उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, दादांच्या नव्याकोऱ्या बुटाला चिकटून तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

मागची बाई डोकावून बघत होती. तिनं ते आपल्या मागच्याला सांगितलं, त्यानं दाराशी निघालेल्यांना सांगितलं. मागे सही घेऊन गेलेली माणसं पायऱ्यांवरून परत फिरली आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली.